जमनाचा बोकड

माझा सगळा जन्म मासळीत गेला आहे. बोंबील टांगले, जवळा वाळत घातला, सुक्याची पाटी डोक्यावर घेऊन मुरब्याची खाडी ओलांडली आणि सातपाटीहून एस.टी.ने पालघरच्या बाजारात जाऊन बसले. त्यामुळे माझं नाक नाजूक आहे असं म्हणायची कोणाची छाती नाही. गिऱ्हाइकीण नाकाला पदर लावून पाटीतला सगळ्यात मोठा बोंबील उचलते आणि वर मलाच विचारते, काय गं हा वास. मी हसून भाव वाढवते. पण पासष्ट सालच्या भाद्रपदात माझ्याच गावच्या, माझ्याच शेजारी बसणाऱ्या बायकांनी आपापल्या पाट्या माझ्यापासून हातभर लांब सरकवल्या. मासळीवाल्यांना माझा वास सहन होईना. लुगडं मी सकाळीच धुऊन नेसले होते. वास लुगड्याचा नव्हता, घरातल्या बोकडाचा होता.

बोकड माझ्या नणंदेचा, जमनाचा. माझ्या नवऱ्याची, कमलाकांतची, ती धाकटी बहीण. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच तापाने गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही. मग ती वाणगावकडे शिरीनबाई नावाच्या एका म्हाताऱ्या पारशिणीच्या चिकूच्या वाडीत कामाला राहिली. त्या बाईला केसाळ शेळ्यांचा नाद होता. विलायती जातीच्या बोकडाला इकडच्या लहानखुऱ्या शेळ्या दाखवून तिने घरचीच एक जात तयार केली होती. उंचीला गुडघ्याएवढ्या, आणि अंगावर पांढऱ्या शुभ्र कुरळ्या बटा, अगदी जमिनीला टेकतील अशा. दूध पेलाभर, मटण मूठभर. विकायचे ते नुसते केस. शिरीनबाई गेली, मुलांनी वाडी विकली, शेळ्यांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी त्या जमनालाच देऊन टाकल्या. तीन शेळ्या आणि एक बोकड घेऊन ती आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"वयनी, मागच्या अंगणात शेळ्यांना उभं ऱ्हायला एक उंच माचा बांधू दे. तुला तरास नाय होणार," असं ती म्हणाली होती.

तरास कशाला म्हणतात हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आमच्या किनाऱ्याची हवा ही मिठाची. त्या शेळ्यांना ती मानवत नाही. पावसाळ्यात त्यांच्या बटांच्या जटा झाल्या, जटांमध्ये गोमाश्यांनी घरं केली, खुरांत सडून पांढरा चिकट चिखल भरला. जमना तो चाकूच्या टोकाने उकरून काढायची, तिथे हळद आणि खोबरेल दाबायची आणि त्याच हातांनी नंतर भाकरी थापायला बसायची. हात धुवायची, नाही असं नाही. पण मी तिच्या हातची भाकरी खायचं सोडलं. लेंड्या सगळ्या अंगणभर. जवळा वाळत घालावा तर त्यात एक पांढरा लांब केस सापडायचाच, आणि तो जवळ्याच्या मिशांपेक्षा लांब म्हणून नेमका गिऱ्हाइकाला दिसायचा.

आणि हे केस कशासाठी, तर बाहुल्यांसाठी. मुंबईतला एक बाहुल्या करणारा कारखाना ते घेत असे. शेळीचे केस धुऊन, विंचरून, रंगवून ते बाहुलीच्या डोक्याला चिकटवायचे आणि श्रीमंतांच्या मुली त्यांच्या वेण्या घालायच्या. हे मला कळलं तेव्हापासून बाहुली पाहिली की मला माचाखालचा चिखल दिसायला लागला.

पण खरं सांगायचं तर शेळ्यांचं एक वेळ चाललं असतं. बोकडाची गोष्ट वेगळी. शिरीनबाई त्याला लाटसाहेब म्हणायची, आणि नाव शोभत होतं. वळलेली शिंगं, छातीपर्यंत दाढी, चालणं असं की जणू मुरबे गाव त्याला इनाम मिळालंय. श्रावण सरता सरता तो माजावर आला. माजावरचा बोकड काय करतो हे ज्यांनी पाहिलं नाही ते भाग्यवान. तो मान खाली घालून पुढच्या पायांमधून आपलं तोंड मागे नेतो आणि आपल्याच दाढीवर, तोंडावर, छातीवर मुततो. चुकून नाही, ठरवून, नेम धरून. मग वरचा ओठ उलटा करून हवेचा वास घेत उभा राहतो. ती दाढी पिवळी होते, मग तपकिरी होते, मग तिच्या काड्या होतात. हीच दाढी तो दाराला घासतो, पाण्याच्या रांजणाला घासतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांना घासतो. तो वास धुऊन जात नाही. भाताला लागतो, झोपेत तोंडात येतो. मला रोज सकाळी मळमळायचं, तर शेजारणी गालात हसून विचारायच्या, काय मंजुळे, काय गोड बातमी? मी त्यांना बोकड दाखवायची.

जमनाला मात्र तो वास जणू येतच नसे. संध्याकाळी ती त्याला मांडीशी धरून लाकडी फणीने बटा सोडवत बसायची आणि तो डोळे मिटून तिच्या खांद्यावर ती दाढी ठेवायचा. मी तोंड फिरवून आत जायची.

तरीही मी त्याला घरात राहू दिलं, याला कारण होतं. ते कारण सातपाटीला राहत होतं आणि त्याचं नाव आनंदा तांडेल.

आनंदा पन्नाशीचा, बायको वारलेला, आणि त्याने नुकतीच इंजिनाची नवी बोट उतरवली होती. सगळ्या किनाऱ्यावर तेव्हा इंजिनाचं वेड लागलं होतं. शिडाच्या होडीवाले कमलाकांतसारखे पुरुष त्या बोटीकडे अशा नजरेने बघायचे की बायकोकडे कधी बघितलं नसेल. आनंदाने कमलाकांतला बोटीत भागीदार करून घ्यायचं कबूल केलं होतं, आणि त्याबदल्यात त्याला जमनाशी पाट लावायचा होता. आमच्यात विधवेला पाट लावतात, त्यात गैर काही नाही. गैर होता तो आनंदा. तोंडात कायम तंबाखू. बोलताना करंगळी कानात घालायची, फिरवायची, बाहेर काढून हुंगायची आणि मग तीच पुढे करून जमनाकडे बोट दाखवायचं. आमच्या ओट्यावर बसून त्याने थुंकलेल्या पिचकाऱ्या मी राखेने घासून काढल्या आहेत. जमना पाणी द्यायला आली की तो तिच्याकडे पापलेटाचा कल्ला उघडून बघावा तसा बघायचा, ताजी आहे का शिळी. एका घरात दोन बोकड झाले होते, आणि माझ्या मते बांधलेला त्यातला बरा होता.

जमनाने भावाला सरळ सांगितलं होतं, "दादा, ज्या दिवशी मी तुझ्या भातावर बसंन, त्या दिवशी तू सांगशील त्याच्याकडं जाईन. तवर नाय."

आणि ती भावाच्या भातावर बसली नव्हती. केसांवर तिचं भागत होतं. पण कारखान्याला हवे असत ते पिल्लांचे केस. पहिल्या कातरणीचे रेशमासारखे मऊ. शेळी जसजशी वयाला येते तसतसे केस जाड होत जातात, आणि तिन्ही शेळ्या आता वयाला आल्या होत्या. मागच्या वर्षी, वाडी सोडण्याच्या गडबडीत, त्या गाभण राहिल्याच नव्हत्या. कारखान्याने कळवलं होतं की पुढच्या खेपेला मऊ माल नसेल तर पाठवू नका. म्हणजे या वर्षी पिल्लं व्हायलाच हवी होती. शेळ्या दिवाळीच्या सुमाराला माजावर येतील असा जमनाचा हिशेब होता. इकडच्या साध्या बोकडाकडून होणाऱ्या पिल्लांना ते केस येत नाहीत, आणि तसा दुसरा बोकड आमच्या बाजूला कुठेच नव्हता. लाटसाहेब होता तोवर जमना आनंदाच्या घरी जाणार नव्हती. एवढ्यासाठी मी तो वास गिळत होते.

नवरात्राच्या आधी कातरणी आली. जमनाने लाटसाहेबाची दाढी आणि पोट धुवायचं ठरवलं, कारण आधीच्या खेपेला त्याचे केस वासामुळे परत आले होते. आता आमच्या गावातल्या विहिरी मचूळ. त्या पाण्यात रिठ्याला फेस येत नाही. गोडं पाणी एकाच ठिकाणी, गावदेवीच्या देवळासमोरच्या विहिरीचं. सगळं गाव प्यायचं पाणी तिथून नेतं, आणि न्हाणं-धुणंही विहिरीच्या बाजूच्या फरशीवर चालतं. जमना बोकडाला घेऊन तिथे गेली, आणि घागर धरायला मी गेले.

देवळाच्या पारावर कमलाकांत आणि आणखी चार-सहा पुरुष जाळी विणत बसले होते. आनंदाही होता. तो आला होता पाटाचं बोलायला, आणि पारावर थुंकून थुंकून त्याने आपल्यापुरती जागा रंगवली होती.

जमनाने रिठ्याचं पाणी चोळलं. काय घाण निघाली ते सांगत नाही. मग तिने घागर उचलली आणि बोकडाच्या पाठीवर ओतली. कुठलंही जनावर करेल तेच त्याने केलं. शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं अंग थरथरवून पाणी झाडलं. अर्धं माझ्या तोंडावर आलं. मी थुंकत होते, म्हणून पारावरचे सगळे जाळी टाकून उभे राहिलेत हे मला उशिरा कळलं.

मग आनंदा म्हणाला, "देवीनं घेतला."

आमच्याकडची रीत सांगते. देवीला बोकड द्यायचा तर आधी तिला विचारावं लागतं. जनावर देवळासमोर उभं करायचं, पाठीवर विहिरीचं पाणी ओतायचं आणि वाट बघायची. त्याने अंग झाडलं तर देवीने ते घेतलं. नाही झाडलं तर जनावर परत न्यायचं. एकदा घेतलं की ते विकायचं नाही, कातरायचं नाही, घरी ठेवायचं नाही. ठेवलं तर दर्यावर गेलेल्या माणसांची जबाबदारी ठेवणाऱ्यावर. ही रीत सगळ्यांना इतकी अंगवळणी पडलेली की देवळासमोर ओलं जनावर थरथरलं की आमच्या माणसांना दुसरं काही सुचतच नाही. आम्ही दोघी सोडून कोणालाच हे सुचलं नाही की बोकडाला नुसती आंघोळ चालली होती.

"मी विचारलंच नाय," जमना म्हणाली. तिचे हात फेसाने भरलेले होते. "मी न्हाऊ घालतंय त्याला. दाढी धुतंय."

"देवीसमोर पाणी पडलं," कमलाकांत म्हणाला. माझा नवरा. त्याने आनंदाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्यावरूनच मला कळलं की दोघांच्या मनात एकच हिशेब आहे.

देवळाची झाडलोट आणि देवीची वस्त्रं रखमाबाईकडे होती. तिला बोलावलं. म्हातारी काठी टेकत आली, तिने बोकडाकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, देवीकडे बघितलं.

"कुठल्या तोंडानं उभा होता?" तिने विचारलं.

"देवीकडं," आनंदा म्हणाला.

"अंग झाडलं?"

"सगळ्यांनी बघितलं."

"रखमाबाई, शेळ्या गाभण राहू दे. दिवाळीपवतर थांबा. मंग न्या," जमना म्हणाली.

"बाय, देवीला थांब म्हणायचं?" रखमाबाई म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं. दसऱ्याचा दिवस ठरला.

घरी येऊन मी कमलाकांतला झाडला. म्हटलं, "अवो, तुमाला लाज कशी वाटत नाय? ते जनावर गेलं की तुमची बहीण त्या थुंकणाऱ्याच्या घरात जाणार, हे तुमाला म्हाईत हाय." तो म्हणाला, "मी काय केलं? देवीनं घेतलं." म्हटलं, "देवीला इंजिनाच्या बोटीत बसायचं हाय वाटतं." तो चहा ओरपत राहिला. मला त्याच्या चहा पिण्याच्या आवाजाची शिसारी आली. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकत आले होते आणि कधी काही वाटलं नव्हतं.

जमना दोन दिवस माचाजवळच बसून होती. तिसऱ्या दिवशी भावासमोर येऊन म्हणाली, "दादा, दसऱ्याला त्या तांडेलांनाबी बोलव. पाहुणा म्हणून मानाच्या ताटाला बसव."

कमलाकांतचा चेहरा फुलला. बहीण वळली. मलाही तेच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला तिचीही किळस आली. वाटलं, सगळी एका माळेची. दोन दिवसांत मऊ झाली, आता त्याच्या बोटीतून मिरवेल. मी तिच्याकडे पाठ केली आणि बोंबील मोजत बसले.

दसऱ्याला सकाळी बोकड कापला. ते मी बघितलं नाही. पण नंतरचं बघितलं, कारण मटण आम्हा बायकांच्या हाती यायचं होतं. कापणारे आमचेच पुरुष, खाटीक नव्हे. ज्या हातांनी त्याची दाढी धरून मान ओढली त्याच हातांनी कातडं सोलत होते आणि त्याच हातांनी मटण टोपल्यात टाकत होते. दाढीचा सगळा चिकटपणा मटणाला लागला. एक जण म्हणाला, "माजावरचा हाय, वास मारंल." कमलाकांत म्हणाला, "देवीचा हाय. देवी बघून घेईल." आणि हात न धुता विडी पेटवली.

गावजेवणाचं मटण भरपूर मसाला घालून, वर बाजारातून आणलेल्या दोन बकऱ्यांचं मिसळून होतं, तेव्हा ते कसंतरी निभावलं. पण मानाचा वाटा वेगळा शिजतो. देवीने घेतलेल्या जनावराचं काळीज, छाती आणि मुंडीचं मटण, नुसत्या मीठ-हळदीत. लसूण नाही, मिरची नाही, खोबरं नाही. ते टोप मी उघडलं आणि बाजूच्या बाईने माझा दंड धरला नसता तर मी चुलीत पडले असते. लाटसाहेब टोपातून वाफेसकट वर आला. सगळा भाद्रपद त्या टोपात होता.

दुपारी देवळासमोर पंगत बसली. मानाची ताटं तीन. एक रखमाबाईचं, एक पाहुण्याचं, आणि एक ज्याचं जनावर त्याचं. रीत अशी की जनावर ज्याचं, पहिला घास त्याचा. त्याने खाल्ल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आणि मानाचं ताट पुसून खायचं. टाकलेला प्रसाद देवीच्या तोंडावर मारल्यासारखा. रखमाबाईला दात नव्हते, ती आपल्या पाळीला काळजाचा तुकडा नुसता ओठांना लावून खाली ठेवायची, म्हातारीला ती सूट होती. पाहुण्याला सूट नव्हती. आनंदा नवी टोपी घालून बसला होता. त्याच्या समोर जमना. कमलाकांत दोघांच्या मध्ये असा बसला होता जणू पाट लागून गेलाच आहे.

जमनाने पहिला घास उचलला. मोठा उचलला. चावला, गिळला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दुसरा घेतला. ती रोज जेवायची तशी जेवली, भातात रस कालवून, हाड चोखून, बोटं पुसून. ज्याला तिने पिल्लाचा मोठा केला, ज्याच्या बटा रोज मांडीवर घेऊन विंचरल्या, त्याला ती खात होती आणि मी वाढायचा डाव हातात धरून उभी होते.  मला वाटलं, ही बाई आहे की काय आहे.

मग तिने आनंदाकडे बघितलं. सगळ्या पंगतीने बघितलं.

आनंदाने तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि घास तोंडात घातला. त्याचे जबडे थांबले. त्याने आजूबाजूला पाहिलं. चावावं लागलं, चावला. गिळताना त्याची गळ्याची घाटी खाली गेली आणि पुन्हा वर आली. डोळ्यांत पाणी आलं. कमलाकांत हळूच म्हणाला, "खा, खा, आनंदाभाऊ." त्याने दुसरा घास खाल्ला. तिसरा त्याने पाण्याबरोबर ढकलला. तिकडे जमनाचं ताट पुसून झालं होतं.

ती उठली. माझ्या हातातला डाव घेतला, टोपातून मुंडीचा सगळ्यात चरबीचा तुकडा काढला आणि आनंदाच्या ताटात वाढला.

"देवीचा वाटा हाय," ती म्हणाली. "नाय म्हणू नये."

"बस," तो म्हणाला.

"पाहुण्यानं बस म्हणायचं नसतं," रखमाबाई म्हणाली.

त्याने खाल्ला. जमनाने आणखी एक वाढला. त्याने डोळे मिटून तो तोंडात घातला, आणि मग जे व्हायचं ते झालं. त्याला उठायलाही मिळालं नाही. ओकला तो सरळ देवीच्या पायरीवर. नवी टोपी त्यात पडली. सकाळपासूनचं सगळं, तंबाखूसकट, शेंदराच्या दगडापर्यंत गेलं. पंगतीतली पोरं ओरडली, दोन-तीन जणांना ते बघूनच उमळून आलं, तोंडावर हात दाबून ते पळाले. देवळासमोर तो वास असा पसरला की मी ज्या वासाला आजवर वास म्हणत होते तो काहीच नव्हता.

रखमाबाईने काठी आपटली. ती सावकाश म्हणाली, "देवीनं बोकड घेतला, याला नाय घेतला. प्रसाद याच्या पोटात ऱ्हायला नाय." तिने ते रागाने म्हटलं नाही. भरती किती वाजता आहे ते सांगावं तसं सांगितलं. पण ऐकणारे सगळे दर्यावर जाणारे होते. आनंदाच्या बोटीवर काम करणारी आमच्या गावची पोरं होती, ती एकमेकांकडे बघायला लागली. देवीने नाकारलेल्या माणसाच्या बोटीत पाय कोण ठेवणार? एकाने तिथेच सांगितलं की उद्यापासून मी येत नाय. दुसऱ्याने मान हलवली.

आणि माझा नवरा. संध्याकाळच्या आधीच त्याने आनंदाला निरोप पाठवला की पाटाचं आता राहू दे, भागीदारीचंही राहू दे. बहिणीसाठी नाही बरं का. स्वतःच्या जिवाला घाबरून. बहिणीचं त्याच्या डोक्यात सकाळीही नव्हतं आणि संध्याकाळीही नव्हतं. वर मला म्हणतो, "बघ, देवीला सगळं कळतं." मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या अंगावरचा सदरा काढून घेतला, धुवायला टाकायला. दोन बोटांनी धरून नेला.

मागच्या अंगणात जमना भांडी घासत होती. मानाचं ताट तिने राखेने एवढं घासलं होतं की त्यात तोंड दिसावं. मी शेजारी बसले. मीही एक भांडं घासायला घेतलं. शेवटी मला राहवलं नाही.

"जमने, तू ते कसं खाल्लंस गो?"

"मी नसतं खाल्लं तर त्यानं कशाला खाल्लं असतं?" ती म्हणाली. "माझा घास पहिला. मी ताट सोडलं असतं तर त्यालाबी सोडता आलं असतं."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिने त्याला ताटाला बोलवायला सांगितलं तेव्हाच जे मला कळायला हवं होतं ते आत्ता कळलं, आणि तिच्याबद्दल मी काय काय मनात आणलं होतं ते आठवून स्वतःचीच घाण वाटली.

"पिल्लांचं काय करशील?"

"बघीन. घाटावर मिळतात म्हणत तसे बोकड. शिरीनबाईनं तो पहिला विलायती तिकडनंच आणला होता."

ती उठली आणि माचाकडे गेली. शेळ्यांना दिवसभर कोणी पाला टाकला नव्हता. तिने हात पुढे केला आणि तिन्ही शेळ्या धावत आल्या. एरवी त्या हाताला चाटतात, पाला शोधतात. त्या दिवशी त्यांनी पाला शोधला नाही. तिच्या बोटांना, तळव्याला, मनगटाला नाकं लावून त्या हुंगत राहिल्या, ओठ वर करून, आणि तिघींच्या शेपट्या भराभर हलू लागल्या. राखेने घासूनही तो वास तिच्या हातांवर होता. लाटसाहेब आलाय असं त्यांना वाटत होतं. दिवाळीची वाट न बघता त्या माजावर येत होत्या.

जमनाने हात मागे घेतला नाही. ती तशीच उभी राहिली. मग ती माचाच्या मागे गेली आणि मी तिला वाकलेली पाहिली. मी धावत जाऊन तिचं कपाळ धरलं. सगळं बाहेर पडलं, दोन घास, चार घास, पूर्ण मानाचं ताट. तिचं अंग माझ्या हातात थरथरत होतं. मला त्या क्षणी अजिबात किळस आली नाही.

"वयनी, कोणाला सांगू नको," ती म्हणाली.

"काय सांगायचं हाय?" मी म्हटलं. मी तिचं तोंड माझ्या पदराने पुसलं, तिला आत पाठवलं, आणि पायाने त्यावर वाळू लोटली. भरपूर लोटली. मग घरात जाऊन दोघींपुरता भात चुलीवर ठेवला.